दार कोणी उघडले? : लेखन-कार्यशाळांविषयी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे प्रौढांसाठी चालणाऱ्या सर्जनशील लेखनाच्या कार्यशाळांविषयी आहेत. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. लांबलेली पत्रे आटोपशीर केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी पुढील वर्षी सेवानिवृत्त होत आहे. तरुणपणी काही कथा लिहिल्या होत्या. त्यांतल्या दोन ‘साभार परत’ आल्या आणि लेखन थांबले ते थांबलेच. आता एखाद्या कार्यशाळेत नाव घालावे असे मनात आहे, पण मित्र म्हणतात की लेखन शिकवून येत नाही, ते उपजतच असावे लागते. या वयात हा खटाटोप करावा का?

उत्तर : तुमच्या मित्रांचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि गंमत अशी, की या क्षेत्रात जिचे नाव सर्वांत आधी घेतले जाते त्या संस्थेलाही ते निम्मे मान्य आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची लेखन-कार्यशाळा १९३६ पासून चालू आहे आणि पुढे निघालेल्या कितीतरी अभ्यासक्रमांनी तिचाच कित्ता गिरवला आहे. लेखन शिकवता येत नाही हे लोकमत आम्हालाही काही अंशी पटते, मात्र अंगी असलेली प्रतिभा वाढीस लावता येते असे गृहीत धरून आम्ही काम करतो, अशी या कार्यशाळेची स्वतःविषयीची भूमिका आहे.

मग तेथे शिकायचे तरी काय? माझ्या मते एकच गोष्ट, ती म्हणजे स्वतःचा मजकूर परक्याच्या डोळ्यांनी वाचणे. डोक्यात असलेले आणि कागदावर उतरलेले यांत नेहमी अंतर राहते, आणि ते लेखकाला एकट्याला दिसत नाही, कारण वाचताना गाळलेल्या जागा त्याचे मन परस्पर भरून टाकते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका कार्यशाळेत कथा वाचली होती. रात्री उशिरा एक वृद्ध गृहस्थ दूरच्या नातेवाइकांकडे येतो, दार वाजवतो आणि आत येऊन बसतो, अशी तिची सुरुवात होती. त्याचा चेहरा, भिजलेली पिशवी, थरथरणारे हात यांवर मी तीन परिच्छेद खर्च केले होते आणि त्यांचा मला अभिमानही होता. चर्चा बराच वेळ त्या वर्णनाभोवती फिरली. मग तोवर गप्प बसलेल्या एका बाईंनी विचारले, “दार कोणी उघडलं?” उत्तर द्यायला मी तोंड उघडले आणि तसाच थांबलो. माझ्या मनात दार सुनेने उघडले होते. कागदावर ते आपसूक उघडले होते. कथेत सून नव्हतीच. पुढच्या खर्ड्यात ती कथा सुनेची झाली. हा प्रश्न मला घरी बसून सुचला असता, असे मला आजही वाटत नाही.

वयाचे म्हणाल, तर तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला मजकुराचा तुटवडा नसतो. अडचण असते ती सवयीची. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असे लिहिण्यात उमेद गेली, की कथेतही आधी पार्श्वभूमी, मग विषय आणि शेवटी विनंती असा क्रम येऊ लागतो. अशा कथांची पहिली दोन पाने झाकून तिसऱ्यापासून वाचले, तर कथा बहुधा तेथेच सुरू झालेली आढळते. ‘साभार परत’च्या चिठ्ठीत कारण लिहिलेले नसते, कार्यशाळेत ते कोणीतरी समोरासमोर सांगते. जरूर जा.

प्रश्न : एका नामवंत लेखकांची एकदिवसीय कार्यशाळा आहे. शंभर जागा आहेत, शेवटी प्रमाणपत्र मिळणार आहे. नाव नोंदवावे का?

उत्तर : त्या लेखकांना ऐकायचे असेल तर अवश्य नोंदवा, पण ते व्याख्यान आहे हे मनाशी धरून जा. कार्यशाळेच्या संयोजकांना एवढेच विचारावे, की माझ्या मजकुराच्या वाट्याला किती मिनिटे येतील. सहा तासांची तीनशे साठ मिनिटे शंभर जणांत वाटली, तर प्रत्येकाला चार मिनिटेसुद्धा मिळत नाहीत, आणि त्यांतही लेखकमहाशय कोणाकडेच न थांबता बोलत राहणार. तुलनेसाठी सांगतो : इंग्लंडमध्ये जॉन मोट आणि जॉन फेअरफॅक्स या दोन कवींनी १९६८ मध्ये आर्व्हन ही निवासी शिबिरांची चळवळ सुरू केली. तिच्या आठवडाभराच्या शिबिरात सोळाच्या आसपास सहभागी आणि दोन लेखक-मार्गदर्शक असे साधारण प्रमाण असते, आणि मार्गदर्शक प्रत्येकाशी त्याच्या मजकुरासंबंधी स्वतंत्रपणे बोलतात. प्रमाणपत्राविषयी काय सांगावे? कोणत्याही संपादकाने ते आजवर मागितल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

प्रश्न : कार्यशाळेत मी माझी कथा वाचली. चौदा जणांपैकी दहा-अकरा जणांनी पाठोपाठ दोष काढले. शेवट पटत नाही, नायिका रडवी आहे, भाषा जुनाट आहे. नियमाप्रमाणे मला मध्ये बोलण्याची मुभा नव्हती. घरी आले, आणि त्यानंतर चार महिन्यांत एक ओळही लिहिलेली नाही. चूक माझी, की त्यांची?

उत्तर : मला यात चूक पद्धतीची दिसते, आणि ती पद्धत कोठून आली हे कळले तर तुमच्या मनावरचे ओझे थोडे उतरेल. लेखकाने गप्प बसावे आणि बाकीच्यांनी पाळीपाळीने बोलावे, हा शिरस्ता अनेक ठिकाणी होता. मात्र त्याला काटेकोर रूप आले ते अमेरिकेतील मिलफर्ड या गावी १९५६ मध्ये विज्ञानकथालेखकांनी सुरू केलेल्या बैठकींमध्ये. पुढे १९६८ मध्ये निघालेल्या क्लॅरियन या सहा आठवड्यांच्या कार्यशाळेने तोच नियम उचलला. नियमामागचा विचार चांगला आहे. पुस्तक छापून झाल्यावर लेखक वाचकाशेजारी बसून खुलासे करू शकत नाही, तेव्हा ती सवय आधीच मोडावी, असा तो विचार. पण मिलफर्डला जमणारे लोक मुरलेले, छापून आलेले लेखक होते. परस्परांच्या टीकेला तोलामोलाचे उत्तर देण्याइतका त्यांचा हात बसलेला होता. पहिली कथा घेऊन आलेल्या माणसाला त्याच खुर्चीत बसवले, की चर्चेची पंचनाम्यासारखी गत होते.

ही उणीव इतरांनाही जाणवली आहे. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास अभिप्रायाची एक वेगळी रीत बसवली, आणि नृत्याबरोबरच लेखनाच्या गटांतही ती आज वापरली जाते. तिच्यात आधी ऐकणारे एवढेच सांगतात, की त्यांच्या मनात काय राहिले. मग कलावंत स्वतः प्रश्न विचारतो. त्यानंतर इतरांनी प्रश्न विचारायचे, पण प्रश्नात आपले मत दडवायचे नाही, “नायिका इतकी का रडते?” हा प्रश्न तेथे चालत नाही, “नायिकेला या वेळी काय हवे आहे?” हा चालतो. मत अगदी शेवटी येते, तेही कलावंताने ‘सांगा’ म्हटल्यावर.

आता तुमच्या वहीकडे वळू. त्या दिवशीचे शेरे आठवतील तेवढे एका कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक शेऱ्याचे तीन तुकडे करा : वाचक कोठे अडखळला, त्याच्या मते का अडखळला, आणि त्याने कोणता उपाय सुचवला. पहिला तुकडा जवळजवळ नेहमी खरा असतो, कारण अडखळणारा माणूस खोटे अडखळत नाही. दुसरा तुकडा तपासून घ्यावा लागतो. तिसरा बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या न लिहिलेल्या कथेसाठी असतो, तो सौजन्याने सोडून द्यावा. उदाहरणार्थ ‘नायिका रडवी आहे’ हा शेरा घ्या. कथेत ती किती वेळा रडते ते पेन्सिलीने मोजा. समजा, चार वेळा रडते आणि त्यांतल्या तीन ठिकाणी तुम्ही ‘तिचे डोळे पाणावले’ हेच वाक्य वापरले आहे. मग तक्रार नायिकेची नव्हतीच, एका वाक्याची होती. चार जणांनी चार वेगळी कारणे देऊन एकाच जागेवर बोट ठेवले असेल, तर चारही कारणे कदाचित चुकीची असतील, पण ती जागा मात्र खरोखर कच्ची असते.

हे करून झाल्यावर ती कथा महिनाभर बाजूला ठेवा आणि रोज दहा मिनिटे, कोणालाही न दाखवण्याच्या बोलीवर, दुसरे काहीतरी लिहा. त्या गटात परत जावे का, असे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. पाचव्या माणसाने तोच दोष पाचव्यांदा सांगितला तेव्हा मार्गदर्शकांनी त्याला थांबवले नसेल, तर गट बदला.

प्रश्न : आमच्या कार्यशाळेत चमत्कारिक खेळ देतात. अमुक अक्षर टाळून लिहा, तमुक शब्द न वापरता परिच्छेद करा. प्रौढ माणसांना हे पोरखेळ कशाला?

उत्तर : हा खेळ फार शहाण्या माणसांनी खेळलेला आहे. फ्रान्समध्ये १९६० मध्ये रेमाँ क्नो आणि फ्रांस्वा ल लियोने यांनी ‘उलिपो’ हा लेखक-गणितज्ञांचा गट स्थापन केला, त्याचे कामच अशा बंधनांतून लेखन करण्याचे होते. त्या गटातील जॉर्ज पेरेक यांनी १९६९ मध्ये फ्रेंचमधील सर्वांत जास्त वापरले जाणारे ‘e’ हे अक्षर पूर्णपणे टाळून अख्खी कादंबरी प्रसिद्ध केली.

आपल्याकरिता याहून सोपे आणि अधिक उपयोगी बंधन म्हणजे ‘आहे’ आणि ‘होते’ यांच्या सगळ्या रूपांना मज्जाव. एका सहभागीने लिहिले होते : ‘खोलीत अंधार होता. खिडकी बंद होती. टेबलावर पत्र होते. त्याच्या मनात भीती होती.’ बंधन घातल्यावर त्याच जागी हे आले : ‘चाचपडत त्याने टेबलाची कड शोधली. बोटांना कागद लागला. खिडकी उघडली असती तर वाचता आले असते. त्याने ती उघडली नाही.’ भीती हा शब्द निघून गेला आणि भीती आली. बंधनामुळे हाताला सवयीने सुचणारे पहिले वाक्य मिळत नाही, दुसरे शोधावे लागते, एवढेच त्यातले गुपित आहे. मात्र प्रत्येक बैठकीत नुसते खेळच होत असतील आणि कोणाची पूर्ण कथा कधीच वाचली जात नसेल, तर तुमची तक्रार रास्त आहे. वीस मिनिटांवर खेळाला वेळ देऊ नये.

प्रश्न : आम्ही आठ जण एकत्र येऊन लेखनाचा गट सुरू करू इच्छितो. आमच्यात तज्ज्ञ कोणीही नाही. मार्गदर्शकाविना हे जमेल का आणि बैठक कशी चालवावी?

उत्तर : जमेल, आणि कदाचित बरेच जमेल. अमेरिकन अध्यापक पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये शिक्षकाविना लेखनवर्ग ही कल्पना पुस्तकरूपाने मांडली. तिचा गाभा असा, की वाचकाने न्यायाधीश होऊ नये, साक्षीदार व्हावे. कथा चांगली की वाईट हे न सांगता, वाचताना आपल्या मनात क्रमाक्रमाने काय काय घडले ते सांगावे. “पहिल्या परिच्छेदात मला वाटलं की ही दोघं नवराबायको आहेत, तिसऱ्यात कळलं की बहीणभाऊ आहेत, म्हणून मागे जाऊन पुन्हा वाचलं.” असे सांगायला तज्ज्ञ असावे लागत नाही, प्रामाणिक असावे लागते.

आठ ही संख्या उत्तम आहे. पाचांखाली गेलात तर दोघे गैरहजर राहिले की बैठक बुडते, आणि बाराच्या वर गेलात तर आपली पाळी येईपर्यंत लिहिण्याची उमेद ओसरते. बैठक दोन तासांची धरा. पहिली वीस मिनिटे सर्वांनी मिळून एखादा छोटा लेखनाभ्यास करावा, मग तीन जणांच्या मजकुरांना प्रत्येकी तीस मिनिटे, आणि उरलेली दहा मिनिटे उशिरा येणाऱ्यांच्या नावे खर्ची पडतात असे आधीच समजून चालावे. या हिशेबाने पंधरवड्याला एकदा भेटलात, तर प्रत्येकाची पाळी साधारण सहा आठवड्यांनी येते, आणि एक कथा लिहून पुन्हा लिहायला हा काळ पुरेसा असतो. मजकूर दीड हजार शब्दांच्या आत असावा. तेवढे मोठ्याने वाचायला बारा मिनिटांच्या आसपास लागतात. ही मर्यादा पहिल्याच दिवशी सर्वांकडून कबूल करून घ्या. जो ‘फक्त आजच जरा मोठं आहे’ म्हणतो तो पुढेही तेच म्हणतो.

वाचनाविषयी एक सूचना आग्रहाने करतो. लेखकाने स्वतः वाचू नये, शेजाऱ्याला वाचायला द्यावे. लेखक वाचतो तेव्हा आवाजाच्या चढउतारांनी वाक्यातली कसर भरून काढतो. परका वाचतो तेव्हा जेथे कर्ता आणि क्रियापद यांची ताटातूट झालेली असते, तेथे त्याचा श्वास तुटतो. तो कोणत्या शब्दावर थांबला, कोणते वाक्य त्याने दोनदा घेतले, याच्या खुणा लेखकाने आपल्या प्रतीवर करत जाव्या. निम्मे संपादन तेथेच होते, कोणी काही बोलण्याच्या आधी.

वेळ पाहणारा एक माणूस नेमा आणि दर बैठकीला तो बदला. ‘छान आहे’ या अभिप्रायावर बंदी घाला. छान असेल तर कोणते वाक्य छान, ते वाचून दाखवावे. पोटापाण्याविषयी, प्रकाशकांविषयी आणि पुरस्कारांविषयीच्या गप्पा बैठक संपल्यावर करा. या गप्पांना एकदा बैठकीत शिरू दिले की लेखन मागे पडते, आणि अशा रीतीने मोडलेले गट मी एकाहून अधिक पाहिले आहेत.

प्रश्न : मी माझ्या दिवंगत भावाविषयी लिहिते आहे. गटात वाचताना मला रडू येते, सर्वजण सांत्वन करतात आणि मजकुराविषयी कोणी काहीच बोलत नाही. शिवाय त्यात वहिनीविषयी काही कटू प्रसंग आहेत. नाव बदलले तर पुरेल का?

उत्तर : ताई, तुमच्या हातात दोन वेगळी लेखने आहेत आणि दोन्ही एकाच वहीत चालली आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सँड्रा बीऑल यांच्यासह १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे आठवतो. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिल्याबरोबर अधिकच वाईट वाटले, पण पुढील काही महिन्यांत त्यांचे आरोग्यकेंद्रात जाणे कमी झाले. ते लेखन साहित्य म्हणून केलेले नव्हते, त्याची भाषा कोणी तपासत नव्हते. तसे लेखन तुम्ही घरी, फक्त स्वतःसाठी करा. त्यातले जे न रडता वाचता येईल, किंवा दुसऱ्याला वाचायला देता येईल, तेच गटात न्या. आणि आरंभीच सांगा, की आज मला सांत्वन नको, मजकुराविषयी ऐकायचे आहे. लोक मदतीला तयार असतात. त्यांना कोणती मदत हवी आहे हे कळत नाही, म्हणून ते पाठीवर हात ठेवतात.

वहिनींचे नाव बदलून काही साधत नाही, घरातली माणसे नावावरून ओळखत नसतात. कटू प्रसंग गाळा असे मी म्हणणार नाही. मात्र त्या भांडणातले सर्वांत चांगले, बिनतोड वाक्य वहिनींच्या तोंडी घाला. तसे वाक्य त्या खरोखरच बोलल्या होत्या का, हे आठवून पाहा. बहुधा बोललेल्या असतात आणि आपण ते विसरलेलो असतो. ते वाक्य आल्यावर प्रसंग तुम्हाला लिहावासा वाटतो की नाही, हे पाहून पुढचे ठरवा. छापण्याचा विचार कराल तेव्हा आधी त्यांना वाचायला द्या. द्यायला धीर होत नसेल, तर छापायला अजून अवकाश आहे.

प्रश्न : गटात वाचलेली माझी कल्पना कोणी चोरली तर?

उत्तर : १८८६ मध्ये झालेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या बर्न कराराच्या सदस्य देशांत, लिहिलेल्या मजकुराचे हक्क लेखकाला आपोआप मिळतात, त्यासाठी नोंदणीची अट नसते. कल्पनेला मात्र असे संरक्षण नाही, आणि ते नाही हे बरेच आहे. नाहीतर ‘रात्री दार वाजले’ यावर पहिल्या माणसानंतर कोणालाच लिहिता आले नसते. खर्ड्यावर तारीख घालावी आणि जुने खर्डे जपून ठेवावे. एकच कल्पना आठ जणांना देऊन पाहा, आठ अगदी निराळ्या कथा येतात. तुमच्या गटात पुढच्या बैठकीचा लेखनाभ्यास म्हणून हेच करून बघा.

प्रश्न : तीन वर्षांत मी चार कार्यशाळा केल्या. एकाच कथेचे नऊ खर्डे झाले आहेत आणि ती अजून कोठेही पाठवलेली नाही. आणखी किती दिवस कार्यशाळांना जावे?

उत्तर : नववा खर्डा गटासमोर येईल तेव्हा कोण काय म्हणेल, हे तुम्ही आता बसल्या जागी सांगू शकता का? अमुक सदस्य शेवट लांबला म्हणणार, तमुक बाई संवाद अपुरे म्हणणार, असे तुम्हाला आधीच ऐकू येत असेल, तर त्या कथेपुरते गटाकडून घेण्यासारखे काही उरलेले नाही, ती माणसे तुमच्या डोक्यात राहायला आली आहेत. दहावा खर्डा करू नका. तिसरा आणि नववा खर्डा शेजारी ठेवून एकदा वाचा, कारण सर्वांचे समाधान करता करता तिसऱ्यातली एखादी जिवंत, खडबडीत ओळ पुसली गेलेली असण्याचा संभव असतो. तशी सापडली तर ती परत घाला आणि कथा याच आठवड्यात पाठवून द्या. पुढच्या बैठकीला दुसरी कथा न्या. तयार नसेल, तर शेजाऱ्याचा मजकूर वाचून दाखवायला जा.